छातीवर बसणारी म्हातारी आणि तीन डोक्यांचा साप

मी विशीत असताना एका पहाटे जाग आली आणि शरीर माझं ऐकेना. डोळे उघडे होते, खिडकीचा करडा चौकोन दिसत होता, पंख्याची घरघर ऐकू येत होती, पण करंगळीसुद्धा हलत नव्हती. छातीवर ओझं होतं. पायथ्याशी कुणीतरी उभं आहे हे दिसत नसूनही मला पक्कं माहीत होतं. ओरडायला गेलो तर घशातून नुसती हवा. अर्धं मिनिट गेलं असेल नसेल, अंग एकदम सुटलं. खोलीत कुणीच नव्हतं. सकाळी आजीला सांगितलं, तर तिला काही नवल वाटलं नाही. "उताणा झोपला असशील. छातीवर येऊन बसतं ते," एवढंच म्हणाली आणि कुशीवर झोपत जा म्हणून बजावलं.

"ते" म्हणजे कोण, हे तिनं सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आलं की कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर त्याला 'ओल्ड हॅग' म्हणतात, म्हणजे म्हातारी चेटकीण. जपानमध्ये त्या अवस्थेचं नाव 'कानाशिबारी', धातूने जखडून टाकल्यासारखं होणं. थायलंडमध्ये 'फी अम', त्यातलं 'फी' म्हणजे भूत. इंग्रजीतल्या 'नाइटमेअर'मधली 'मेअर' ही घोडी नव्हे, ती उत्तर युरोपातली 'मारा', झोपलेल्याच्या उरावर चढून बसणारी. माझ्या आजीला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. त्या बेटावरच्या आज्यांना माझी आजी माहीत नव्हती. तरी सगळ्या एकाच गोष्टीबद्दल बोलत होत्या.

जगभरच्या दंतकथांमधले प्राणी एकमेकांसारखे का, हा प्रश्न निघाला की ठरलेली दोन उत्तरं लगेच पुढे येतात. पहिलं असं की इतके लोक सांगतात म्हणजे तो प्राणी कधीतरी होताच. दुसरं असं की हे सगळं मूळचं आमचं, इथून जगभर गेलं. हे दुसरं उत्तर जवळपास प्रत्येक समाजात कुणी ना कुणी देतोच, फक्त 'आमचं' या शब्दाचा पत्ता बदलतो. मला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. साम्य वेगवेगळ्या वाटांनी येतं, आणि कोणतं साम्य कोणत्या वाटेनं आलं हे दर वेळी नव्यानं शोधावं लागतं. सगळ्या कुलपांना एकच किल्ली लावू पाहणारा माणूस गोष्ट नीट ऐकण्याआधीच तिचा निकाल लावून मोकळा होतो.

छातीवरच्या म्हातारीची वाट आपल्या शरीरातून जाते. झोपेच्या ज्या टप्प्यात स्वप्नं सर्वांत जास्त आणि ठसठशीत पडतात, त्या टप्प्यात मेंदू डोळ्यांचे आणि श्वासपटलाचे स्नायू वगळता बाकी शरीर जवळजवळ लुळं करून ठेवतो. तसं केलं नाही तर स्वप्नात पळणारा माणूस खरोखरच पळत सुटेल. कधीकधी जाग आधी येते आणि लुळेपणा मागाहून सुटतो. फासळ्यांमधले स्नायू ढिले असल्यामुळे खोल श्वास घ्यायला गेलं की उरावर वजन ठेवल्यासारखं वाटतं, आणि भीतीची यंत्रणा जागी असल्यामुळे जवळ कुणीतरी असल्याचा भास होतो. उताणं झोपल्यावर हे अधिक घडतं, म्हणजे आजीचा सल्ला अगदी योग्य होता. २०११ साली ३५ अभ्यासांमधली आकडेवारी एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार सुमारे ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. अशी माणसं प्रत्येक समाजात असतात. ही गोष्ट दुसरीकडून उसनी आणायची गरजच काय?

लोकसाहित्याचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी न्यूफाउंडलंडमध्ये या म्हातारीबद्दलच्या हकिकती गोळा केल्या आणि १९८२ साली आपलं काम प्रसिद्ध केलं. तोवर सर्वसाधारण समज असा होता की लोक आधी गोष्ट ऐकतात आणि मग त्यांना तसा भास होतो. हफर्ड यांना मात्र असे लोक भेटले की ज्यांनी ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती आणि तरी ते तंतोतंत तेच वर्णन करत होते. म्हणजे इथे अनुभव आधी आणि गोष्ट नंतर. खेडोपाडी सांगितल्या जाणाऱ्या एका 'अंधश्रद्धे'त इतकं काटेकोर निरीक्षण दडलेलं होतं, ही मला फार मोठी बाब वाटते. सांगणाऱ्यांनी कारण चुकीचं दिलं, पण लक्षणं अचूक नोंदवली.

अर्थात शरीर देतं ते फक्त वजन आणि कुणाची तरी चाहूल. चेहरा, नाव आणि उतारा समाज देतो. बलांद जलाल आणि डेव्हन हिंटन या संशोधकांनी २०१३ साली इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांच्या अनुभवांची तुलना प्रसिद्ध केली. डेन्मार्कमधले लोक बहुतांशी याला शारीरिक कारणं देत होते, इजिप्तमध्ये अनेक जण जिन्नाचं नाव घेत होते. इजिप्तमध्ये मरणाची भीती जास्त होती आणि लुळेपणाही जास्त वेळ टिकल्याचं लोक सांगत होते. म्हणजे समाजानं दिलेला चेहरा परत शरीरात उतरतो. साम्याबद्दल बोलताना हा भाग नेहमी सुटतो. सारखेपणाचं कौतुक करण्याच्या नादात, कोण कशानं किती घाबरतं हा फरक पुसला जातो.

सापाचंही असंच आहे. चीनचा लुंग, युरोपचा ड्रॅगन, मेक्सिकोचा पिसांचा साप क्वेत्साल्कोआत्ल, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा इंद्रधनुष्य-साप: सर्प जवळपास सगळीकडे आहे. १९८०च्या दशकात सुझन मिनेका आणि मायकल कुक यांनी प्रयोगशाळेतच जन्मलेल्या ऱ्हीसस माकडांवर काही प्रयोग केले. या माकडांनी साप कधी पाहिला नव्हता आणि त्यांना सापाची भीतीही नव्हती. त्यांना दुसरं माकड साप पाहून घाबरत असल्याची चित्रफीत दाखवली, आणि तीही घाबरायला शिकली. मग संशोधकांनी चित्रफितीत फेरफार केला. घाबरणारं माकड तेच, ओरडणं तेच, फक्त सापाच्या जागी फुलं. फुलांना माकडं घाबरायला शिकली नाहीत. खेळण्यातल्या मगरीला शिकली, खेळण्यातल्या सशाला नाही.

मला हा प्रयोग वारंवार आठवतो, कारण जन्मतःच आहे की शिकलेलं आहे या वादाला तो मधून छेद देतो. भीती शिकावी लागते हे खरं, पण काही धडे मेंदू एका दमात शिकतो आणि काही कितीही घोकून घेतले तरी डोक्यात शिरत नाहीत. गोष्टींचंही तसंच असावं, असं मला वाटतं. हजारो वर्षांत माणसानं असंख्य विचित्र प्राणी कल्पिले असतील. राक्षसी ससेही कुणीतरी कल्पिले असतील. टिकले ते साप, मगर, मोठी मांजरं आणि शिकारी पक्षी.

पक्ष्यांच्या भीतीला तर हाडांचा पुरावा आहे. दक्षिण आफ्रिकेत १९२४ साली ताउंग इथे एका लहान मुलाची कवटी सापडली, मानवाच्या पूर्वजांपैकी एकाची, वीस लाख वर्षांहून जुनी. त्या कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीत जे ओरखडे आहेत, ते आजचे गरुड माकडांच्या कवट्यांवर सोडतात तसेच आहेत. मुलाला गरुडानं मारलं असावं, असं ली बर्जर आणि रॉन क्लार्क यांनी १९९५ साली मांडलं. आणि न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कथांमध्ये माणसांना उचलून नेणारा एक प्रचंड पक्षी आहे, तो निव्वळ कल्पना नसावा. त्या बेटांवर हास्टचा गरुड खरोखर होता, पंखांचा पसारा जवळजवळ तीन मीटर. माणूस तिथे पोहोचल्यावर काही शतकांतच तो नाहीसा झाला. म्हणजे "तो प्राणी होताच" हे उत्तर एखाद्या वेळी बरोबरही ठरतं. ते प्रत्येक प्राण्याला सरसकट लावलं की माझी हरकत सुरू होते.

हाडांची आणखी एक वाट आहे, आणि ती इतकी मोहक आहे की भले भले तिच्यावर घसरतात. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट गावाच्या चौकात एका ड्रॅगनचं दगडी कारंजं आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीचं. त्या ड्रॅगनचं डोकं शिल्पकारानं एका खऱ्या कवटीवरून घडवलं. ती कवटी गावाजवळ चौदाव्या शतकात सापडली होती आणि ड्रॅगनची म्हणून जपून ठेवलेली होती. १८४० साली फ्रांझ उंगर यांनी ती ओळखली: हिमयुगातल्या लोकरी गेंड्याची. ही हकिकत वाचली की वाटतं, झालं, सापडलं ड्रॅगनचं मूळ. पण ती कवटी सापडली त्याआधी कित्येक शतकं युरोपभर ड्रॅगनच्या गोष्टी सांगितल्या जात होत्या. कवटीनं ड्रॅगन जन्माला घातला नाही. ड्रॅगन आधीच तिथे होता, कवटी त्याला पुरावा म्हणून मिळाली.

ग्रिफिनबाबत हीच चूक फार प्रतिष्ठेनं झाली, असं माझं मत आहे. ग्रिफिन म्हणजे सिंहाचं धड आणि गरुडाची चोच. गोबीच्या वाळवंटात प्रोटोसेरॅटॉप्स नावाच्या डायनासोरचे सांगाडे मिळतात, त्यालाही चोच आणि चार पाय. मध्य आशियात सोनं शोधणाऱ्या भटक्यांनी ते सांगाडे पाहिले आणि त्यातून ग्रिफिन निघाला, हे लोककथांच्या अभ्यासक अ‍ॅड्रिएन मेयर यांचं मत १९९०च्या दशकापासून खूप गाजलं. पण ग्रिफिनसारख्या आकृती इजिप्त आणि पश्चिम आशियात इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकापासून दिसतात, गोबीपासून हजारो किलोमीटर दूर. आणि ते सांगाडे सोन्याच्या ठिकाणांजवळ मिळतच नाहीत, हे मार्क विटन आणि रिचर्ड हिंग यांनी २०२४ साली तपशीलवार दाखवलं. सिंह आणि गरुड तर त्या चित्रकारांच्या डोळ्यांसमोर जिवंत होते. दोन जिवंत प्राणी जोडायला मेलेल्या तिसऱ्याची गरज कशाला लागावी? या सिद्धांतामागे एक गृहीत आहे जे मला खुपतं: प्राचीन माणूस नवं काही रचू शकत नाही, तो फक्त समोर दिसलेल्याचा चुकीचा अर्थ लावतो. त्याला कल्पनाशक्ती होती, आपल्याइतकीच.

आता भाषांतराबद्दल, कारण पुष्कळसं साम्य तिथेच तयार होतं. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा 'नाग' या शब्दासाठी भाषांतरकारांनी 'लुंग' हा शब्द घेतला. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं चिनी नाव 'लुंगशू' आहे, त्यातला 'लुंग' म्हणजे आपला नाग आणि 'शू' म्हणजे झाड. नंतर युरोपीय लोक चीनमध्ये गेले, त्यांनी 'लुंग'चं भाषांतर 'ड्रॅगन' केलं. दोन पायऱ्यांत नाग, लुंग आणि ड्रॅगन एकाच कुळातले झाले, आणि मग आपण थक्क होऊन विचारतो की हे तिन्हीकडे एकच कसे! लुंगला हरणासारखी शिंगं असतात, तो पाऊस आणतो, सम्राटाचं चिन्ह म्हणून वस्त्रावर मिरवतो. युरोपचा ड्रॅगन सोन्यावर वेटोळं घालून बसतो आणि एखाद्या वीराच्या हातून मरतो. चिनी मुलाला लुंगचा वध करणारा नायक सांगितला तर त्याला तो खलनायक वाटेल. मराठीतही आपण हेच करतो. परदेशी गोष्टीतला जायंट असो, ऑगर असो की ट्रोल, मराठीत आला की तो 'राक्षस' होतो. ग्रीकांच्या सायरन मूळच्या पक्ष्याच्या अंगाच्या होत्या, त्यांनाही आपण सरसकट मत्स्यकन्या करून टाकतो.

हिमालयातल्या यतीचं तर निव्वळ भाषांतरानं वाटोळं झालं. १९२१च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत बर्फात मोठे ठसे दिसले. हमालांनी सांगितलेलं नाव एका वार्ताहरानं ऐकलं, त्यातल्या एका शब्दाचा अर्थ चुकून 'गलिच्छ' असा घेतला, तो आणखी भडक केला आणि 'अ‍ॅबॉमिनेबल स्नोमॅन', म्हणजे किळसवाणा हिममानव, जन्माला आला. त्यानंतर कित्येक दशकं तो जगभर माणूस आणि माकड यांच्यामधला दुवा म्हणून शोधला गेला, उत्तर अमेरिकेतल्या बिगफूटचा भाऊ ठरला. २०१७ साली शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने डीएनएसाठी तपासले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. ज्यांच्या डोंगरात ती गोष्ट राहते, त्या लोकांसाठी यती काय आहे, हे या सगळ्या गडबडीत फारसं कुणी विचारलं नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मग गोष्टी एकीकडून दुसरीकडे जातच नाहीत का? जातात, आणि जातात तेव्हा खुणा ठेवून जातात. ऋग्वेदात इंद्र वृत्राला मारतो तेव्हा ऋषी म्हणतो "अहन्नहिम्", त्यानं अहीला, सर्पाला मारलं. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तेत, हाच 'अहि' शब्द 'अझि' होतो. तिथे अझि दहाक नावाचा सर्प आहे, तीन तोंडांचा, तीन डोक्यांचा, सहा डोळ्यांचा. त्याला मारणाऱ्याचं नाव थ्रएतओन. इकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तीन डोक्यांच्या, सहा डोळ्यांच्या शत्रूला मारण्याशी त्रिताचं नाव जोडलेलं आहे. त्रित आणि थ्रएतओन, अहि आणि अझि, डोक्यांची संख्या, डोळ्यांची संख्या. हा योगायोग नाही. शब्द ठरलेल्या ध्वनिनियमांनी बदलतात आणि तपशील जागच्या जागी राहतात. एकच मूळ असल्याचा दावा करायचा तर पुरावा या तोडीचा हवा. आणि एवढा पक्का पुरावा हाती आला तरी तो आई आणि मुलीचं नातं दाखवत नाही. वेद आणि अवेस्ता या बहिणी ठरतात. आई दोघींच्याही आधीची, आणि तिचा एकही शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही.

याहून लांबचा प्रवास आकाशातल्या अस्वलाचा. शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे की सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत, म्हणजे अस्वलं. ग्रीक 'आर्क्तोस' हा त्याच मुळाचा शब्द, आणि त्यांच्याकडेही त्या ताऱ्यांमध्ये अस्वल आहे. उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूळ समाजांत तेच तारे म्हणजे अस्वल आणि त्याच्या मागे लागलेले शिकारी. सैबेरियातही आकाशातल्या शिकारीची गोष्ट आहे, काही ठिकाणी अस्वलाऐवजी सांबरासारखं मोठं जनावर. फ्रेंच अभ्यासक ज्युलियाँ द्युई यांनी या कथांचे तपशील वंशावळीसारखे मांडून असा निष्कर्ष काढला की ती गोष्ट आशिया आणि अमेरिका जोडलेल्या होत्या तेव्हा, पंधरा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, माणसांबरोबर तिकडे गेली. हा निष्कर्ष मला पटतो. चार-सात ताऱ्यांत अस्वल दिसावं असं त्या आकारात काहीही नाही. लांब शेपटीचं अस्वल कुणी पाहिलंय? जे साम्य शरीरातून किंवा निसर्गातून आपोआप येऊ शकत नाही, तिथेच प्रवासाचा संशय घ्यायला खरी जागा असते. छातीवरची म्हातारी कुठेही आपली आपण जन्मते. आकाशातलं अस्वल तसं जन्मणार नाही.

आणि काही साम्यं अशी असतात की ती कोणत्याच वाटेवर नीट बसत नाहीत. जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत २५ ऑगस्ट १९३९ रोजी मॅमथच्या हस्तिदंताचे तुकडे सापडले. आठवड्याभरात महायुद्ध पेटलं, उत्खनन थांबलं आणि तुकडे खोक्यात पडून राहिले. तीस वर्षांनी योआखिम हान यांनी ते जुळवायला घेतले. दोनेकशे तुकड्यांतून एक आकृती उभी राहिली, ३१ सेंटिमीटर उंच, सरळ उभी, माणसाचं शरीर आणि सिंहाचं डोकं. वय सुमारे ४०,००० वर्षं.

भारतीय वाचकाला ती पाहून कोण आठवणार हे उघड आहे. पहिल्यांदा तिचं छायाचित्र पाहिलं तेव्हा माझ्याही तोंडून तेच नाव निघालं. पण त्या गुहेपासून नरसिंहापर्यंत एकही दुवा नाही. मधल्या काळात जाणारं आणि आपल्याला धरता येईल असं काहीच हाती नाही. तो दुवा असल्याचं भासवणं ही त्या दोघांवरही बळजबरी आहे. नरसिंह हिरण्यकशिपूच्या वराला दिलेलं उत्तर आहे: ना माणूस ना पशू, ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर. त्याचं अर्धं सिंह असणं हे त्या गोष्टीच्या तर्कातून आलं आहे. गुहेतल्या सिंहमाणसाची गोष्ट काय होती हे कुणालाही कळणार नाही. साम्य आहे ते दोघांना घडवणाऱ्या मनांच्या पद्धतीत. माहितीतला प्राणी घ्यायचा, त्यात एकच नियम मोडायचा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. मानववंशशास्त्रज्ञ पास्कल बॉयेर यांनी दाखवलं आहे की अशाच कल्पना लक्षात राहतात. फार काही मोडलं तर कुणाला आठवत नाही, काहीच मोडलं नाही तर कुणी सांगत नाही.

दगडी हत्यारांनी तशी मूर्ती कोरून पाहिली तेव्हा सुमारे चारशे तास लागले. हिमयुगात, जिथे प्रत्येक दिवस अन्न आणि जळण मिळवण्यात जायचा, तिथे कुणीतरी इतका वेळ एका अशा प्राण्याला दिला जो त्यानं कधीच पाहिला नव्हता. गुहेचं तोंड उत्तरेला आहे, आत ऊन येत नाही, रोजच्या राहण्याच्या खुणाही तिथे कमीच सापडल्या. आणि त्या हस्तिदंताचं अंग झिजून गुळगुळीत झालेलं आहे, पुष्कळ हातांतून फिरल्यावर होतं तसं.